सटवाजीमामांची तहान

अर्धांगाचा पेशंट आला की मी आधी त्याच्या उशाजवळचा तांब्या उचलायची, मग पेशंटकडे बघायची. डॉक्टर तपासायला येण्याआधी, सलाईनचा स्टँड ओढून आणण्याआधी, तांब्या, पेला, बाटली, चहाची किटली, जे काय ओलं असेल ते माझ्या ताब्यात. लोक चिडायचे. आखाडा बाळापूरच्या बाजारात मला 'पाणी अडवणारी बाई' म्हणायचे. एकदा एका पेशंटचा भाऊ व्हरांड्यात बसून शेजारच्याला म्हणाला, "सरकार पाणी अडवा, पाणी जिरवा म्हणून राहिलं. या बाईनं लईच मनावर घेतलं." सगळे हसले. मीही हसले, पण हात गार पडले होते. अर्धांगाचा पेशंट वॉर्डात असला की माझे हात मे महिन्यातसुद्धा गारच असायचे.

मी मूळची रत्नागिरीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं. नवरा विजेच्या खात्यात लाइनमन, त्याची बदली झाली ती इकडं, नांदेड-हिंगोलीकडं. निघताना गावच्या मास्तरांना विचारलं, हे बाळापूर कुठं आलं? त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट बरंच फिरवलं आणि शेवटी म्हणाले, "समुद्रापासून लांब आहे, एवढं नक्की." उतरले तेव्हा उन्हाळा होता. काळी फुटलेली जमीन, ज्वारीची भाकरी, आणि बोलणं असं की निम्मं कळायचं नाही. पहिले काही महिने मी रोज रडायची आणि नवरा खांबावर चढला की तो उतरेपर्यंत देवाचं नाव घ्यायची. भित्रेपण माझ्या अंगातच आहे. ते मी कोकणातून सोबत आणलं होतं.

गावाबाहेरच्या वाडीत आम्ही खोली घेतली ती सटवाजीमामांच्या घरात. मामांची मेंढरं-शेळ्या होत्या आणि थोडी शेती. त्यांची बायको रुखमामी. माझ्या पहिल्या बाळंतपणाला माझी आई येऊ शकली नाही. वडील आजारी, आणि एवढा लांबचा प्रवास तिला एकटीला जमणारा नव्हता. रुखमामीनं सगळं केलं. माझं पोर मी पहिल्यांदा बघितलं ते मामांच्या घोंगडीत गुंडाळलेलं. मामा शेळीचं दूध घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि आतल्या बाजूला न बघता विचारायचे, "कोकणची पोरगी जेवली का न्हाई?"

नोकरीही त्यांनीच लावली. गावातल्या खाजगी दवाखान्यात बाई पाहिजे असं कळलं, तर मामा मला घेऊन थेट डॉक्टरांच्या पुढ्यात उभे राहिले. म्हणाले, "साहेब, पोरगी भित्री हाय, पण हाताला सफई हाय." डॉक्टर कागदावरून डोकं न उचलता म्हणाले, "भित्रीच पाहिजे. न भिणाऱ्यांनी मला फार त्रास दिलाय." त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. मुलं शिकली, डोक्यावर पत्र्याचं का होईना घर झालं. म्हणून आज लिहायला बसले तर पहिल्यांदा त्या दोघांचे उपकार सांगते.

काम काय होतं, ते बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं: डॉक्टर औषध देणार, सिस्टर सुई देणार, आणि उरलेला पेशंट माझा. अर्धांग झालेला माणूस म्हणजे अर्धा गडी आणि अर्धं ओलं पोतं. त्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहायचं, नाहीतर पाठीला खड्डे पडतात. निकामी हात-पाय हलवायचे, नाहीतर सांधे लाकडासारखे होतात. तोंड पुसायचं, लघवीचं बघायचं. आणि हे सगळं घरच्यांना शिकवायचं, कारण दवाखान्यात तो थोडेच दिवस राहणार आणि घरच्या बाजेवर वर्षानुवर्षं. पुष्कळ माणसं लकव्यानं जात नाहीत, लकव्यातून वाचल्यावर जातात. पाठीच्या जखमेनं, नाहीतर छातीनं.

छातीचं सांगायला पाहिजे. घशात दोन रस्ते आहेत, एक पोटाकडे जातो आणि एक छातीकडे. छातीकडच्या रस्त्याला झाकण असतं, आपण गिळलं की ते आपसूक लागतं. जन्मभर गिळतो, त्या झाकणाची कुणाला आठवण येत नाही. अर्धांगात ते ढिलं पडतं. घट्ट आंबील एखाद वेळ नीट उतरेल, पण पाणी धावतं. झाकण लागायच्या आत ते छातीत. ठसका लागला तर नशीब समजायचं. कधी ठसकाही लागत नाही. माणूस शांत पडून असतो, घरच्यांना वाटतं पाणी पोचलं, आणि मग एक-दोन दिवसांत ताप चढतो.

हे मला कळलं ते डोंगरकडा गावाकडच्या एका म्हातारीमुळे. मी अगदी नवीन होते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हातारी बरी होत होती, डोळ्यांनी माणसं ओळखत होती. तिचा भाऊ लांबून आला आणि त्यानं बशीतून तिला दोन घोट चहा पाजला. मी चादरी वाळत घालून आले तर तो सगळ्या वॉर्डला सांगत होता, बहिणीनं मह्या हातचा चहा घेतला. पुढच्या दोन दिवसांत म्हातारीची छाती वाजायला लागली, आधण आल्यासारखी. ती गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं समजावलं, तेव्हा मी विचारलं, भावाला सांगितलंत का? ते म्हणाले, "कशाला? कळलं तर तो जन्मभर चहा पिणार नाही."

त्या दिवसापासून मी तांबे उचलायला लागले.

पण दुसरी भीती याच्या बरोबर उलटी होती, आणि ती मला जास्त छळायची. एक चांगला धडधाकट शेतकरी आला होता. आम्ही त्याला थेंबभर पाणी दिलं नाही, सगळं नियमानं केलं, तरी तो गेला. मेंदूतच फार नासाडी झाली होती. पुढे भर बाजारात त्याची बायको माझ्यासमोर येऊन थांबली. भांडली नाही. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाली, "बाई, तू चांगलीच हायस. पण मह्या माणसाचं तोंड कोरडं व्हतं."

या भागात माणूस जायला निघाला की जवळच्यांनी त्याच्या तोंडात पाणी घालायचं. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात, नांदेडहून बाटलीत भरून आणलेलं तिचं पाणी घरोघरी असतं. मुलानं, मुलीनं, भावानं, ज्यानं त्यानं आपल्या हातानं चमचा-चमचा घालायचं. ते नाही झालं तर जाणारा अडकतो आणि राहणारा जन्मभर कुढतो. ही रीत मला वाईट कधीच वाटली नाही, आमच्याकडंही आहे. पण अर्धांगाचा माणूस पहिल्या दिवशी दिसतो तसाच, जायला निघाल्यासारखा. घोरतो, डोळे फिरवतो, तोंड वाकडं. सगळ्या नातेवाइकांना निरोप जातात आणि जो तो आपापला चमचा घेऊन येतो. जो कदाचित राहिला असता, तो या मायेत बुडतो.

नंतर डॉक्टरांनी मला बीपीचा पट्टा बांधायला आणि पाऱ्यावरचा आकडा वाचायला शिकवलं. लकवा येतो तो बहुतेक या आकड्याच्या वाटेनं, आणि आकडा दुखत नाही. तीच तर अडचण. बाजाराच्या दिवशी रांग लागायची. एक गडी दर बाजाराला यायचा, आकडा कधी विचारायचा नाही, म्हणायचा, "जरा जोरानं आवळ, हात मोकळा व्हतो." एक नवरा-बायको गोळ्यांच्या एकाच पाकिटावर दोघं भागवत होते, सकाळी मालक आणि संध्याकाळी बाई, घर एकच आहे म्हणून. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं की सासू सुनेकडं बघून म्हणायची, "तुह्या हाताला चव न्हाईच, आता डॉक्टरबी तसंच करा म्हणून राहिले." आम्ही हसायचो. पण मी पारा बघत असायची. काही काही माणसांचा पारा बघून मला त्यांच्या घरातल्या बाजा दिसायच्या.

सटवाजीमामांचा आकडा मीच पहिल्यांदा घेतला. ते मला भेटायला आले होते, गंमत म्हणून हात पुढं केला. पारा जिथं असताना कानाच्या नळीत काहीच ऐकू यायला नको, तिथंच ठोके सुरू झाले. मी परत बांधला. तेच. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला सांगितली, गोळी लिहून दिली, रोज घ्यायची, कायमची. मामांनी काही महिने घेतली. मग बरं वाटतंय म्हणून बंद केली. मी रागावले तर म्हणाले, "मेंढराला रोज औषध पाजतेत व्हय? आजारी पडलं तरच पाजतेत."

मी म्हटलं, मामा, तुम्ही मेंढरू नाही.

"मंग तर न्हाईच पाजायचं," ते म्हणाले. "भेतेस तू, आन् गोळ्या म्या खायच्या?"

रुखमामी हसली. मीही हसले.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमाराचा एक मे महिना. तोवर आम्ही दवाखान्याच्या मागच्या खोल्यांत राहायला आलो होतो. सकाळी शेळी सोडताना मामांच्या उजव्या हातातून दोरी सुटली. त्यांनी ती उचलायचा प्रयत्न केला आणि तिथंच बसले. इकडं लकव्याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. वाऱ्यानं झालेला आजार, म्हणून वारा लागू द्यायचा नाही. घरच्यांनी मामांना आतल्या खोलीत नेलं, खिडकीत पोती कोंबली, दोन घोंगड्यांत गुंडाळून तेल चोळत बसले. दुपारी दवाखान्यात जीप आली ती चारी बाजूंनी ताडपत्री बांधून. मी घोंगडी उघडली तर आतून भट्टीसारखी वाफ आली. चेहरा डाव्या बाजूला ओढलेला, उजवा हात माझ्या हातातून निसटून खाली लोंबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं. आणि डाव्या हातानं तोंडाकडं खूण केली.

तहान.

डॉक्टरांनी नांदेडला न्या म्हणून सांगितलं. तिथं डोक्याचा फोटो निघेल, गाठ आहे का रक्त फुटलंय ते कळेल. मामांचे थोरले भाऊ किसनआबा, घरात त्यांचा शब्द चाले. ते म्हणाले, एवढ्या वाटेत परत वारं लागलं तर? जे व्हायचं ते इथंच होऊ द्या. डॉक्टरांनी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. शेवटी म्हणाले, ठीक आहे, ठेवतो, पण मी सांगेपर्यंत तोंडानं काही नाही. पोटात पाणी-दूध सोडायला नाकातून नळी घातली, तर मामांनी डाव्या हातानं ती ओढून काढली. परत घालू द्यायला आबा तयार होईनात. नाकात नळी गेली म्हणजे माणूस गेला, अशी त्यांची समजूत. राहिलं ते सलाईन. आणि राखण करायला मी.

खिडकी मी उघडली, घोंगड्या काढल्या, त्यावरून बोलणी खाल्ली. निरोप गेलेच होते. कळमनुरीकडून, सेनगावकडून माणसं यायला लागली. व्हरांडा भरला. एका पाहुण्यानं टॉवेलाखाली कबुतर आणलं, त्याचं रक्त निकाम्या अंगाला चोळायचं म्हणून. कबुतर हातातून सुटलं आणि वॉर्डच्या छताजवळच्या झडपेवर जाऊन बसलं, कुणाच्या हाती लागेना. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी माझं लक्ष माणसांच्या हातांकडं होतं. प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. तांब्या, बाटली, नारळ. मी खाटेच्या डोक्याशी स्टूल टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिले. सलाईन म्हणजे पाणीच आहे, ते हातातून अंगात जातंय, मामा तहानेनं जाणार नाहीत. एक म्हातारी आत्या शांतपणे ऐकून म्हणाली, "हातानं पिलेलं पाणी घशाला कसं कळंल, बाई?"

मामांचे ओठ तडकले होते. मी गॉजची पट्टी भिजवून, घट्ट पिळून ओठांवरून फिरवायची. एकदा त्यांनी ती दातात धरली आणि चोखायला लागले. मी घाबरून ओढली, तर सोडेनात. ज्या माणसानं मला दूध आणून दिलं, त्याच्या तोंडातून मी ओली चिंधी ओढून काढत होते. ती निघाली तेव्हा ते माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनआबा उठून माझ्याजवळ आले. हातात नांदेडची बाटली होती. म्हणाले, "सरक."

मी म्हटलं, आबा, डॉक्टर येऊ द्या.

"डॉक्टर तुहा हाय. भाऊ महा हाय," आबा म्हणाले. "तुला ह्यानं घर देलं, आन् तू त्याला घोटभर पाणी दीना. ह्यो तहानलेला गेला तर त्याचं पाप कुणावर? तुह्यावर. बोल, घेतीस का?"

मला बाजारातली ती बाई दिसली. मला डोंगरकड्याची म्हातारीही ऐकू आली, तिची छाती. मी उठले नाही. पाय स्टुलाच्या दांडीला अडकवून बसून राहिले. मामांचा डावा हात परत तोंडाकडं गेला.

तेव्हा रुखमामी कोपऱ्यातून उठली. आल्यापासून ती तिथं भिंतीला टेकून बसली होती. जवळ आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज इतका साधा, की जणू मीठ संपलंय का विचारतेय.

"पोरी, मला एकच सांग. ह्ये जाणार हायेत का राहणार हायेत? जाणार असतील तर पाणी दिऊ. राहणार असतील तर न्हाई दिऊ. एवढंच सांग, बाकी म्या बघते."

मी डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. ते आले, मामांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पाय खाजवून बघितला. मामीनं तोच प्रश्न त्यांना केला. खोटं बोलले असते तर आम्हाला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "बाई, आज मला सांगता येत नाही."

मामीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मलाही माहीत नव्हतं. सबंध वॉर्डात ते कुणालाच माहीत नव्हतं आणि ठरवायचं मात्र आत्ताच होतं. वर झडपेवर ते कबुतर फडफडलं.

"मंग राहणार हायेत असं धरून चालू," मामी म्हणाली.

तिनं दिराच्या हातातून बाटली काढून घेतली. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी बाई. आबा बाहेर जाऊन पायरीवर बसले. मामी खाटेच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसली, बाटली मांडीखाली दाबून.

मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. उलट भीती दुप्पट झाली, कारण आता चूक झाली तर ती मामीच्याही अंगावर येणार होती. मामांचा श्वास एकदा जरी अडखळला, तरी मला वाटायचं की आपण त्यांना कोरडंच पाठवतोय.

त्यांची मुलगी सिंधू सेनगावकडच्या पुसेगावला दिलेली. निरोप उशिरा पोचला, गाड्या बदलत ती त्या दिवशी उन्हं कलल्यावर आली. दारातूनच टाहो फोडला आणि हातातली पिशवी सोडून तांब्या काढला. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मामी आडवी आली.

"माय, सरक. मह्या हातचं दोन थेंब तरी जाऊ दे," सिंधू म्हणाली. "मला जन्माचं राहील."

"तुह्या मनाला राहू न्हाई म्हणून ह्यांला मारू का म्या?"

सिंधूनं तांब्या खाली ठेवला. आई-लेकी एकमेकींकडं बघत होत्या आणि मधे खाटेवर मामा, उघड्या डोळ्यांनी सगळं ऐकत. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी ओघळलं. मी ते पुसलं नाही. त्यांच्या ओठापर्यंत गेलं आणि त्यांनी जिभेनं टिपलं. त्या वेळी मी पहिल्यांदा नीट बघितलं. जीभ हलली, आणि गळ्यातलं हाड वर जाऊन खाली आलं.

मी डॉक्टरांकडं धावले. त्यांनी येऊन गळ्यावर बोटं ठेवली, खोकून दाखवायला सांगितलं. मामा खोकले, बारीक, पण खोकले. डॉक्टर म्हणाले, "बसवा. आंबील करा, चमचा उलटा केला तरी पटकन सांडणार नाही इतकी घट्ट. पाणी अजून नाही."

आमच्या कोकणात आजाऱ्याला पेज देतात. इथं मी ज्वारीचं पीठ ताकात शिजवलं, मामीनं शिकवल्याप्रमाणे. मामांना पाठीला उशा देऊन ताठ बसवलं, हनुवटी खाली केली. मान वर करून पाजायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे आणि सगळे तेच करतात. वाटी मी सिंधूच्या हातात दिली. अर्धा चमचा, डाव्या गालात. मी मामांच्या गळ्यावर बोट ठेवलं होतं. गळा हलेना. हलेना. सिंधू माझ्याकडं बघायला लागली. मग हाड वर गेलं आणि खाली आलं. आम्ही थांबलो. ठसका नाही. डॉक्टर म्हणाले, एक अजून. बाहेर पायरीवर आबा उभे राहिले होते, आत मात्र आले नाहीत.

पुढं काय झालं ते सांगते. मामा जगले, बरीच वर्षं जगले. उजवा हात आला नाही. पाय ओढत, काठी टेकत मेंढरांमागं जायचे. बोलणं तुटकं. नांदेडला वेळेवर गेले असते तर हात आला असता का, हा प्रश्न किसनआबांनी मला एकदाच विचारला आणि उत्तर ऐकायला थांबले नाहीत. गोळीचं पाकीट रुखमामीच्या कमरेच्या पिशवीत गेलं. सकाळी भाकरीआधी गोळी, नाही घेतली तर भाकरी नाही. मेंढराचा दाखला परत कुणी काढला नाही.

पण सगळ्यांचं असं झालं नाही. मामांच्या नंतर किती जणांच्या उशाचे तांबे मी उचलले. काही राहिले, काही कोरड्या तोंडानं गेले. रुखमामीचा प्रश्न मला नंतर कितीतरी बायकांनी विचारला. मी कुणालाच उत्तर देऊ शकले नाही. त्या त्या बाईनं स्वतःच ठरवलं, आणि कुणी माझं ऐकलं नाही म्हणून मी कुणाला दोष देत नाही.

मामांना साधं पाणी मिळालं ते पाऊस सुरू झाल्यावर. तोवर आंबील, घट्ट वरण, कालवलेली भाकरी. डॉक्टर स्वतः वाडीत आले, म्हणाले, आज पाणी देऊन बघू. मामांना ओसरीवर बसवलं. रुखमामीनं पेला त्यांच्या डाव्या हातात दिला. सिंधू होती, आबा होते, शेजारपाजार गोळा झाला होता. मी नेहमीसारखी त्यांच्या गळ्याकडं बघत होते. एक घोट. हाड वर गेलं, खाली आलं. मामांनी डोळे मिटले. मग ते खोकले. परत खोकले, घसा साफ केला, पेला पुढं करून रुखमामीकडं बघितलं आणि ओठ वाकडे करत, एक एक अक्षर ओढून म्हणाले,

"गरम... हाय."

मामी म्हणाली, "आता थंड पाहिजे व्हय म्हाराजाला," आणि रांजणाकडं वळली. तिथं वाकून ती बराच वेळ तांब्या भरत राहिली. आबांनी पागोटं काढून तोंड पुसलं. सगळे एकदम बोलायला लागले.

मी मामांच्या मागं जाऊन बसले आणि पाठीला कान लावला. छातीत गेलेलं पाणी लगेच बोलत नाही. डॉक्टर गेले, शेजारी पांगले, मामीनं मला दोनदा म्हटलं, पोरी, ऊठ आता, चहा घे. मी हूं म्हटलं आणि कान तसाच ठेवला. मामांचा श्वास आत जात होता, बाहेर येत होता. उन्हं उतरली तरी मी ऐकतच होते.